युद्धाचा निर्णय आणि संसदेचा अंकुश : काशीच्या इतिहासातून एक प्रश्न

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २ ऑगस्ट २०२५ रोजी वाराणसीत झालेल्या जाहीर सभेत 'ऑपरेशन सिंदूर'चे यश महादेवाच्या चरणी अर्पण केले. लष्करी कारवाईनंतरची आपल्या मतदारसंघातील ही त्यांची पहिलीच भेट होती. त्याआधी तीनच दिवस, ३० जुलै रोजी, याच कारवाईवरील चर्चा राज्यसभेत संपली होती. लोकसभेत ती २८ आणि २९ जुलैला झाली होती.

या तारखांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. ७ मे रोजी पहाटे भारतीय सैन्याने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणांवर मारा केला. १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. दरम्यान सरकारने २४ एप्रिल आणि ८ मे रोजी सर्वपक्षीय बैठका घेतल्या. संसदेचे विशेष अधिवेशन बोलावण्याची विरोधी पक्षांची मागणी मात्र मान्य झाली नाही. नियमित पावसाळी अधिवेशनात लोकसभेने या विषयाला हात घातला, तेव्हा पहिल्या हल्ल्याला ८२ दिवस झाले होते. चर्चा दीर्घ झाली, ठरावावर मतदान झाले नाही.

या कारवाईला देशात व्यापक पाठिंबा होता आणि विरोधी पक्षांनीही तो जाहीरपणे दिला होता. त्यामुळे कारवाई योग्य होती की नाही, हा येथे मुद्दा नाही. देशाच्या सीमेपलीकडे सैन्यबळ वापरण्याचा निर्णय सरकार घेते, तेव्हा कायदेमंडळाचे स्थान कोणते, हा मुद्दा आहे. तो नवा नाही. ज्या वाराणसीने २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये देशाच्या पंतप्रधानांना लोकसभेत पाठवले, त्या शहराच्या इतिहासाशी तो अडीचशे वर्षांपासून जोडलेला आहे.

राज्यघटना काय सांगते?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर 'कायद्याने विनियमित' व्हावा, असे तेथेच म्हटले आहे. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे प्रत्यक्ष निर्णय पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ, विशेषतः मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती, घेते. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत 'युद्ध आणि शांतता' ही स्वतंत्र नोंद आहे. या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, यात शंका नाही.

परंतु असा कायदा संसदेने केलेला नाही. भूसेना आणि हवाई दल यांचे १९५० चे कायदे आणि नौदलाचा १९५७ चा कायदा मुख्यतः भरती, सेवाशर्ती, शिस्त आणि लष्करी न्यायालये यांविषयी आहेत. सैन्य देशाबाहेर केव्हा पाठवावे, त्याची माहिती सभागृहाला किती दिवसांत द्यावी, याविषयी ते काही सांगत नाहीत.

याउलट आणीबाणीच्या बाबतीत घटना अतिशय काटेकोर आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमण या कारणाने अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी जाहीर करायची असेल, तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो आणि एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता घ्यावी लागते. १९७५ च्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन अधिक कडक केले. युद्धाच्या कारणाने नागरिकांचे हक्क आकसायचे असतील तर संसदेकडे जावे लागते. सैन्य परदेशात पाठवायचे असेल तर मात्र जावे लागत नाही.

काशीचा राजा आणि कलकत्त्याचे युद्ध

सत्ताधीशाच्या युद्धाधिकाराला कायद्याने वेसण घालण्याचा भारतासंबंधीचा पहिला मोठा प्रयत्न मराठ्यांशी झालेल्या युद्धातून पुढे आला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आणि मद्रास येथील इंग्रज सरकारांना कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या संमतीवाचून युद्ध किंवा तह करण्यास मनाई केली. अपवाद तातडीच्या गरजेचा ठेवला. दोनच वर्षांत, मार्च १७७५ मध्ये, मुंबईकर इंग्रजांनी ही संमती न घेताच रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईचे हे कृत्य अमान्य केले. तरीही युद्ध वडगाव आणि सालबाईच्या तहांपर्यंत सात वर्षे चाललेच.

या युद्धाबरोबर फ्रेंच आणि हैदर अली यांच्याशीही लढाई जुंपली. पैशाची चणचण भासू लागली तेव्हा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांची नजर काशीकडे वळली. अवधच्या नवाबाने १७७५ मध्ये काशीवरील आपला अधिकार कंपनीकडे सोपवला होता आणि राजा चेतसिंग कंपनीला दरवर्षी सुमारे साडेबावीस लाख रुपये देत असे. १७७८ मध्ये युद्धखर्चासाठी त्याच्याकडे आणखी पाच लाखांची मागणी झाली. पुढील दोन वर्षे ती पुन्हा पुन्हा झाली, आणि नंतर घोडदळही मागण्यात आले. राजाने टाळाटाळ केली म्हणून त्याच्याकडून ५० लाखांचा दंड वसूल करण्याचा बेत हेस्टिंग्ज यांनी आखला. ऑगस्ट १७८१ मध्ये ते स्वतः काशीत आले. १६ ऑगस्टला शिवाला घाटावरील वाड्यात चेतसिंगला नजरकैदेत टाकताच शहर उठले. पहाऱ्यावरील कंपनीचे शिपाई मारले गेले, राजा गंगापार निसटला आणि हेस्टिंग्ज यांना रातोरात चुनारचा किल्ला गाठावा लागला. गादी गमावलेल्या चेतसिंगला पुढे महादजी शिंदे यांनी आश्रय दिला. १८१० मध्ये ग्वाल्हेर येथेच त्याचा अंत झाला.

युद्धाचा निर्णय कलकत्त्यात आणि मुंबईत झाला होता, त्याचा खर्च मात्र काशीच्या रयतेवर येऊन पडला. लंडनमध्ये या साऱ्याचे पडसाद उमटले. मे १७८२ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने ठराव करून, भारतात विजय आणि राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला विसंगत आहे, असे जाहीर केले. १७८४ च्या पिट यांच्या कायद्यात हेच तत्त्व कलम म्हणून आले. लंडनच्या स्पष्ट आज्ञेवाचून गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारू नये. शत्रूने लढाई सुरू केली असेल किंवा तशी प्रत्यक्ष तयारी चालवली असेल, तरच अपवाद. अशा वेळी कारणांसह सर्व हकीकत त्वरित कळवावी, असे बंधन होते. जून १७८६ मध्ये काशी प्रकरणावरून हेस्टिंग्ज यांच्यावरील आरोप कॉमन्स सभेने ग्राह्य धरला. मदत मागण्याचा अधिकार मान्य करूनही दंडाची रक्कम अवाजवी होती, असे स्वतः पंतप्रधान पिट यांचे मत पडले. या मतानंतर महाभियोगाचा मार्ग मोकळा झाला.

परिणाम काय झाला? महाभियोगाची सुनावणी फेब्रुवारी १७८८ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. कायद्यातील कलम १७९३ मध्ये पुन्हा मंजूर झाले, तरी लॉर्ड वेलस्लींनी १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध केलेच. दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झालेला असल्याने 'मित्राचे संरक्षण' हे कारण हाताशी होते. लंडनला वृत्त पोहोचायला महिने लागत. निर्बंधाचे कलम कायम राहिले आणि अपवादाच्या वाटेने साम्राज्य वाढत गेले.

गोखले यांचे काशीतील भाषण

कंपनीची सत्ता संपवणाऱ्या १८५८ च्या कायद्यातही याच विषयाची दोन कलमे होती. कलम ५४ नुसार भारतात युद्ध सुरू करण्याचा आदेश दिल्यास, संसदेचे अधिवेशन चालू असेल तर तीन महिन्यांत आणि नसेल तर पुढील अधिवेशन सुरू झाल्यापासून एका महिन्यात, तो दोन्ही सभागृहांना कळवणे आवश्यक होते. कलम ५५ नुसार प्रत्यक्ष आक्रमण परतवणे किंवा 'अचानक उद्भवलेली निकड' हे प्रसंग वगळता, सीमेबाहेरील लष्करी मोहिमेचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून भारताच्या तिजोरीतून करता येत नसे.

या कलमाचा अनुभव मात्र सुखद नव्हता. दुसऱ्या अफगाण युद्धात सैन्य नोव्हेंबर १८७८ मध्ये सीमेपार गेले आणि खर्चाला मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली. लॉर्ड कर्झन यांच्या काळात तिबेटवरील मोहीम डिसेंबर १९०३ मध्ये निघाली. ती राजकीय शिष्टमंडळ असल्याचे सांगण्यात आले. खर्चाचा ठराव संसदेपुढे आला तो एप्रिल १९०४ मध्ये, तिबेटात रक्तपात झाल्यानंतर. सैन्य पुढे आणि संमती मागे, हीच रीत पडली. शिवाय ही संमती ज्या सभागृहाची होती, त्यात खर्च सोसणाऱ्या भारतीय करदात्याचा प्रतिनिधी नव्हता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना भारताच्या तिजोरीवरील लष्करी भाराची चिकित्सा केली होती. १९०२ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य होते. तेथे अर्थसंकल्पावर भाषण करता येई, मत देता येत नसे. डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन काशीत भरले आणि अध्यक्षस्थान गोखले यांच्याकडे आले. कर्झन यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी करणारे भाषण म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यातील मागण्यांचा भाग तुलनेने विस्मरणात गेला. कायदेमंडळात निवडून आलेले सदस्य वाढवावेत, अर्थसंकल्प कायदेमंडळाकडून रीतसर मंजूर करून घ्यावा, त्यात दुरुस्त्या मांडण्याचा अधिकार सदस्यांना असावा, ही त्यातील पहिली मागणी होती. लष्करी खर्चात कपात ही याच यादीतील आणखी एक. खर्चाचा प्रश्न आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न गोखले यांनी एकाच यादीत मांडला होता.

पुढे मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सर शिवस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ठराव संमत झाला. भारतीय सैन्य निव्वळ संरक्षणाचे कारण वगळता सामान्यतः देशाबाहेर वापरू नये आणि गंभीर आणीबाणीतही गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलची पूर्वसंमती घ्यावी, असे त्यात म्हटले होते. १९३९ मध्ये विधिमंडळाला न विचारता इजिप्त आणि सिंगापूरला सैन्य पाठवण्यात आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे परस्पर जाहीर केले. निषेध म्हणून मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. लोकप्रतिनिधींना न विचारता देश युद्धात ढकलला गेला, ही स्वातंत्र्यलढ्याची एक ठाम तक्रार होती. असे असूनही १९५० च्या राज्यघटनेत तसे कलम आले नाही, ही बाब विचार करायला लावणारी आहे. लोकनियुक्त सरकार लोकसभेला उत्तरदायी आहे, तेवढी हमी पुरेशी मानली गेली.

स्वातंत्र्यानंतरचे चार प्रसंग

ही हमी कितपत पुरली, हे प्रसंगाप्रसंगाने ठरत आले आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी, युद्ध चालू असताना, संसदेचे अधिवेशन अलीकडे आणून ८ नोव्हेंबरला सुरू करण्यात आले. तशी मागणी करणाऱ्यांत तेव्हा राज्यसभेत असलेले तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी होते. शंभराहून अधिक सदस्य बोलले, सरकारवर कठोर टीका झाली आणि १४ नोव्हेंबरला आक्रमकांना हुसकावून लावण्याचा ठराव संमत झाला. १९९९ मध्ये कारगिलची लढाई झाली तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली होती. राज्यसभेचे अधिवेशन बोलवावे अशी मागणी झाली, परंतु वाजपेयी यांच्याच सरकारने ती मान्य केली नाही. हे दोन्ही प्रसंग स्वतःच्या भूमीच्या रक्षणाचे होते.

परदेशातील सर्वांत मोठ्या मोहिमेची कहाणी वेगळी आहे. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. शांतता राखण्यासाठी गेलेले सैन्य अडीच महिन्यांत लिट्टेविरुद्धच्या युद्धात ओढले गेले. मार्च १९९० मध्ये ते परतले, तोवर सुमारे १२०० जवानांनी प्राण गमावले होते. कामगिरीचे स्वरूप इतके बदलूनही संसदेची नव्याने मान्यता घेण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नव्हते.

चौथा प्रसंग संसदेचा शब्द किती वजनदार ठरू शकतो, हे दाखवणारा आहे. इराकवर अमेरिकेने हल्ला केल्यानंतर ८ एप्रिल २००३ रोजी, मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना, सभागृहाने त्या युद्धाची 'निंदा' करणारा आणि परकीय फौजा मागे घेण्याची मागणी करणारा ठराव एकमताने संमत केला. या एका शब्दावरून सरकार आणि विरोधक यांच्यात बरीच खल झाली होती. पुढे अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची मोठी तुकडी मागितली. सरकारमध्येही मतभेद होते. अखेर १४ जुलै २००३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाअभावी सैन्य पाठवता येणार नाही, असा निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने घेतला. या निर्णयामागे अनेक कारणे होती. तरी तीन महिन्यांपूर्वीचा एकमुखी ठराव ओलांडून सैन्य पाठवणे कोणत्याही सरकारला सोपे नव्हते.

इतर लोकशाहींचा अनुभव

व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी युद्धाधिकारविषयक कायदा केला. सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि मान्यता न मिळाल्यास ६० दिवसांत कारवाई थांबवावी, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस घ्यावेत, असे तो सांगतो. कागदावर कडक असलेल्या या कायद्यालाही पळवाटा सापडल्या. २०११ मध्ये लिबियातील मोहीम ६० दिवसांच्या पुढे गेली, तेव्हा ती कायद्याच्या अर्थाने लढाईच नाही, असा युक्तिवाद झाला. जून २०२५ मध्ये इराणवरील हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्षांना आवर घालणारा प्रस्ताव सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळला गेला.

ब्रिटनमध्ये लिखित कायदा नाही, संकेत आहे. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव कॉमन्स सभेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नाकारला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी तो निर्णय मानला. एप्रिल २०१८ मध्ये मात्र पंतप्रधान थेरेसा मे यांनी मतदानाशिवाय सीरियावर हवाई हल्ले केले. जर्मनीत घटना न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानंतर परदेशी सशस्त्र मोहिमेला संसदेची संमती अनिवार्य ठरली आणि २००५ मध्ये तसा कायदा झाला.

परवानगी की हिशेब?

भारतात पूर्वपरवानगीच्या विरोधातील युक्तिवाद दुर्लक्षण्याजोगे नाहीत. अण्वस्त्रसज्ज शेजाऱ्याशी सामना असताना गुप्तता आणि वेग यांना पर्याय नसतो. ७ मे २०२५ ची कारवाई आधी सभागृहात चर्चिली जावी, अशी अपेक्षा कोणीही केली नव्हती. दुसरी अडचण पक्षांतरबंदीची आहे. १९८५ पासून दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व धोक्यात येते. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांच्या विरोधात मत दिले, तसे येथे घडणे जवळजवळ अशक्य आहे. बहुमतातील सरकारसाठी मतदान हा उपचार ठरण्याची शक्यता अधिक.

मात्र इतिहासाचा धडा या युक्तिवादांच्या पुढे जातो. १७८४, १८५८ आणि १९७३ या तिन्ही कायद्यांत अडचण एकाच जागी आली. परवानगीचे कलम अपवादाने पोखरले गेले, कारण प्रत्येक युद्ध ते पुकारणाऱ्याला तातडीचेच वाटते. ठरलेल्या मुदतीत निवेदन करण्याच्या बंधनाला अशी पळवाट काढणे अवघड असते. कारवाई झाली आहे, हे एकदा जाहीर झाले की मुदत आपोआप मोजता येते.

या दृष्टीने अनुच्छेद ५३ मधील 'कायद्याने विनियमित' हे शब्द महत्त्वाचे ठरतात. घटनादुरुस्ती न करताही संसद साधा कायदा करू शकेल. सीमेपार लष्करी कारवाई झाल्यास ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहांत लेखी निवेदन, अधिवेशन नसेल तर ते बोलावण्याचे बंधन, मोहीम लांबली किंवा तिचे उद्दिष्ट बदलले तर नवा ठराव, आणि खर्चाचा स्वतंत्र तपशील, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेशा आहेत. यांतील एकीनेही पहिल्या तासाचा लष्करी निर्णय अडत नाही. श्रीलंकेतील मोहिमेला हे नियम लागू असते, तर ऑक्टोबर १९८७ मध्येच बदललेल्या उद्दिष्टाविषयी सरकारला सभागृहात उत्तर द्यावे लागले असते.

वाराणसी हा केवळ पंतप्रधानांचा मतदारसंघ नाही. तेथील छावणीत गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथून घडलेले जवान देशाच्या सीमांवर जातात. निर्णय घेणारा नेता निवडणारा मतदार आणि निर्णय अंगावर झेलणारा सैनिक यांचे हे एकच शहर आहे. मतदाराला आपले मत देण्याची संधी पाच वर्षांनी येते. मधल्या काळात त्याच्या वतीने हिशेब मागण्याचे काम संसदेचे असते. १७८१ मध्ये काशीत जे घडले त्याचा निवाडा लंडनमध्ये चौदा वर्षांनी लागला, तेव्हा चेतसिंग ग्वाल्हेरला निर्वासित होता आणि हेस्टिंग्ज दोषमुक्त झाले होते. हिशेब मागण्याचा अधिकार तेव्हाही होता, मुदत मात्र नव्हती. २०२५ मध्ये भारताच्या संसदेला चर्चेसाठी ८२ दिवस थांबावे लागले. पुढच्या वेळी किती थांबावे लागेल, याचे उत्तर आजही कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.